वजनाची दवंडी बंद करा



आपल्याच शहरातील एका शाळेत इयत्ता दुसरीच्या वर्गाची आरोग्य तपासणी नुकतीच झाली, आणि तिची हकीकत एव्हाना आपणांपैकी बहुतेकांच्या कानी गेलेली असल्यामुळे तिच्या उजळणीत हे पत्रक फार शाई खर्च करणार नाही. मुलांना रांगेत उभे केले, एकेकाला काट्यावर चढविले, एका बाईंनी आकडा मोठ्याने उच्चारला, दुसऱ्या बाईंनी तो वहीत उतरविला, मागच्या रांगेने हसून घेतले. आणि सायंकाळी ती सबंध यादी, ‘जादा’ ठरलेल्या नावांखाली तांबडी रेघ ओढून, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर प्रसिद्ध झाली. सात वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या दिवसापासून डबा उघडणे सोडले. चौकशीस गेलेल्या त्याच्या आईला उत्तर मिळाले ते असे : ‘बरेच झाले की, थोडे उतरेल!’

या पत्रकाचा रोख त्या शाळेवर नाही, त्या बाईंवरही नाही. त्यांनी केले ते कितीतरी शाळांत वर्षानुवर्षे वहिवाट म्हणून चालत आलेले आहे, आणि वहिवाटीचा गुण असा की तिच्याविषयी जाब कोणी विचारीत नाही. रोख आहे तो या समजुतीवर, की लहान मुलाचे वजन ही चारचौघांत पुकारण्याची बाब आहे. मार्केट यार्डात पोते काट्यावर चढले की हमाल आकडा पुकारतो, कारण देणारा, घेणारा आणि अडत्या या तिघांनाही तो ऐकावयाचा असतो. पोत्याला मात्र तो ऐकू येत नाही, आणि पोते व मूल यांतला हा एवढा फरक आमच्या तपासणीवाल्यांच्या ध्यानी अद्याप आलेला नाही.

ज्या आकड्याची ही दवंडी पिटली जाते त्याची योग्यता तरी पाहू. मूल ‘जादा’ की ‘बारीक’ हे ठरविण्यासाठी वापरला जाणारा, वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक मूळचा बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाचा. तो खगोलवेत्ताही होता, आणि १८३० नंतरच्या दशकात तो शोध घेत होता तो ‘सरासरी मनुष्या’चा, कोणा एका आजारी मनुष्याचा नव्हे. या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे आजचे नाव मिळाले १९७२ मध्ये, शरीरक्रियाशास्त्रज्ञ अन्सेल कीझ यांच्या हातून, आणि तेही प्रौढ पुरुषांच्या मोजमापांवरून. मुलांच्या बाबतीत तर तोच आकडा वय आणि लिंग पाहिल्यावाचून निरर्थक असतो. कारण पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास चढलेला हा निर्देशांक पुढे उतरत जातो, पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आसपास तळ गाठतो, आणि मग पुन्हा चढू लागतो. याच वयात पोराच्या बरगड्या दिसू लागतात आणि घरोघर ‘वाळला गं माझा बाळ’ असा आकांत सुरू होतो. वास्तविक ते मूल निसर्गाच्या वेळापत्रकाप्रमाणे बिनतक्रार वाढत असते. चढणीचा आणि उतरणीचा हा क्रम ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हाती वजनाची वही देणे हेच मुळात धाडसाचे.

आकड्याच्या दुसऱ्या फसवणुकीचा दाखला तर आपल्या पुण्यातलाच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे छायाचित्र छापून जगाला दाखविले की उभयतांचा निर्देशांक अगदी समान, २२.३, परंतु शरीरातील चरबी मात्र एकाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! याज्ञिकांच्याच मंडळींनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके मोजली, तेव्हा ती इंग्लंडातील बालकांहून पुष्कळ हलकी भरली, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने तितकी घटलेली नव्हती. म्हणजे काट्याला जे ‘बारीक’ ते आतून बारीक असेलच असे नाही. दोन नामांकित वैद्यांना जो काटा वेगळे ओळखू शकला नाही, त्याच्या साक्षीवर दुसरीतल्या पोराला वर्गासमोर गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

आता मनाचे. इतर मुलांची हेटाळणी मुलाने घरून शिकून येण्याची वाट पाहावी लागत नाही, ती हवेतच असते. १९६१ साली अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा चित्रे दाखविण्यात आली. त्यांत कुबड्या घेतलेले मूल होते, चाकांच्या खुर्चीतले होते, एक हात नसलेले होते, चेहऱ्यावर व्यंग असलेले होते, आणि एक नुसतेच लठ्ठ होते. ‘सर्वांत आवडते कोण?’ या क्रमात लठ्ठ मूल शेवटी आले. चाळीस वर्षांनंतर तोच प्रयोग पुन्हा केला असता ही नावड कमी होण्याऐवजी अधिक तीव्र झालेली आढळली. आणि हे ज्याच्या वाट्यास येते त्याचे काय? २००१ च्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या, होय, फक्त पाच वर्षांच्या मुलींची पाहणी झाली, तेव्हा वजन अधिक असलेल्या मुली स्वतःच्या शरीरास तर कमी लेखतच होत्या, पण आपली बुद्धीही कमी आहे असे मानीत होत्या. बेरीज-वजाबाकीचा आणि कमरेचा संबंध बालवाडीतच जुळविणारे हे शिक्षण कोणत्या अभ्यासक्रमात मोडते, हे एकदा जाहीर व्हावयास हवे.

यावर काही मंडळी शहाजोगपणे म्हणतील, ‘लाज वाटल्यावाचून सुधारणा होत नाही.’ ठीक, तेही तपासून पाहण्यात आलेले आहे. कॅलिफोर्नियातील ७९ शाळांत सुमारे २८ हजार मुलांवर केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे वर्गात पुकारा करून नव्हे, तर पालकांच्या घरी अहवाल पाठवून वजन कळविले गेले. मुलांच्या वजनावर त्याचा परिणाम शून्य झाला. वाढले ते एवढेच, की शाळेत वजन झालेली मुले आपल्या शरीराविषयी अधिक असमाधानी झाली आणि एकमेकांच्या वजनाची चर्चा अधिक करू लागली. घरपोच अहवालाची ही गत, तर जाहीर पुकाऱ्याने कोणते कल्याण साधणार? घरातील बंदीहुकुमाचीही कथा वेगळी नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलांपुढे एखादा पदार्थ ठेवून त्यास मज्जाव केला, तर मन त्याच पदार्थाकडे अधिक धावते, हे १९९९ मध्येच प्रयोगाने दिसले. आपल्या आज्यांना ते लाडवाचा डबा फडताळात वर चढविताना आधीच ठाऊक होते.

अधिक व्यासंगी आक्षेपक सिंगापूरचे उदाहरण काढतील. तेथे १९९२ पासून स्थूल मुलांना इतरांपासून वेगळे काढून खास कवायत करविण्याची योजना चालली आणि स्थूलतेचे प्रमाण खरोखरच उतरले. परंतु त्याच योजनेत सगळ्याच विद्यार्थ्यांचा व्यायाम वाढविला होता, शाळेच्या उपाहारगृहातील पदार्थही बदलले होते; तेव्हा उतरलेल्या आकड्याचे सगळे श्रेय लाजेच्या खात्यावर जमा करणे हा हिशेब नव्हे, हातचलाखी आहे. आणि ज्या सरकारने ती योजना पंधरा वर्षे चालविली, त्यानेच २००७ साली ती गुंडाळून सर्व मुलांसाठी सारखा कार्यक्रम आणला, ही गोष्ट आक्षेपक सांगावयाचे सोयीस्करपणे विसरतात.

तिसरा आक्षेप सर्वांत चीड आणणारा : ‘आम्हांलाही लहानपणी जाड्या म्हणत, आमचे काय बिघडले?’ बिघडले ते हे, की आपण आज आपल्या मुलाला तेच म्हणत आहात.

या समाजाची तर्कसंगती काय वर्णावी! नऊ महिन्यांचे मूल ‘गुटगुटीत’ म्हणून सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीस मिळविते, बाळसे धरले म्हणून शेजारणी कौतुक करतात. तेच मूल सहा वर्षांनी तेवढेच गोल राहिले की भोपळा, ढब्बू, गोलू अशा पदव्यांचे धनी होते. त्यापेक्षा जुनी आजी शहाणी. दृष्ट लागेल म्हणून ती बाळाच्या अंगाचे नाव चारचौघांत काढू देत नसे आणि गालाला काजळाची तीट लावीत असे. तिचे कारण अंधश्रद्धेचे असेल, पण तिच्या मौनाने मुलाचे जे रक्षण होत होते, ते आमच्या सुशिक्षित तपासणीने होत नाही.

कोणी याचा अर्थ वजन करूच नये असा लावू नये. या देशात पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३.४ टक्के जादा वजनाची, असे २०१९–२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. अंगणवाडीतील ताई मुलाला काट्यावर ठेवते म्हणून तर कुपोषित मूल वेळेवर सापडते, आणि ते काम अडवील तो पातकी. आमची हरकत मोजण्यास नाही, पुकारण्यास आहे; आणि पुकाऱ्याने ‘काडीपैलवान’ ठरलेले मूलही तेवढेच जखमी होते जेवढे ‘भोपळा’ ठरलेले.

मागणी मोजकीच आहे. वजन पडद्याआड, एका वेळी एकाच मुलाचे व्हावे. आकडा उच्चारू नये, लिहावा. यादी कोणत्याही गटावर जाऊ नये. वजनाबरोबर उंची घ्यावी, आणि एका दिवसाच्या आकड्यावर नव्हे, तर वर्षावर्षांच्या वाढीच्या रेषेवर मत द्यावे. ते मत बंद पाकिटात, डॉक्टरांमार्फत, फक्त त्या मुलाच्या पालकांना मिळावे. खेळाचा तास गणिताने गिळू नये, म्हणजे लठ्ठपणाविषयी ज्यांना खरीच काळजी आहे त्यांना करण्यासारखे काही उरेल.

ही मागणी तोंडी करू नका. पुढील तपासणीच्या आठ दिवस आधी, चार पालकांच्या सह्यांनी, मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्यावाचून कचेरीतून परतू नका.