गटाराची खोली हा बायकांचा प्रश्न आहे

रस्ता खणला की आपण बायका दोनच गोष्टी विचारतो: पाणी कधी येणार आणि खड्डा कधी बुजणार? पाइप किती खोल टाकला, हे कोणी विचारत नाही. ते इंजिनियरचं काम, असं आपल्याला वाटतं. इंजिनियरलाही तसंच वाटतं. मला हे मान्य नाही.

नियम समजायला अवघड नाहीत. मलवाहिनी जिथे सुरू होते तिथे तिच्यावर साधारण १ मीटर माती हवी, म्हणजे वरून ट्रक गेला तरी पाइप फुटत नाही. पिण्याच्या पाण्याची वाहिनी तिच्यापासून ३ मीटर लांब हवी; दोन्ही एकमेकींना छेदत असतील तर पाण्याची वाहिनी किमान अर्धा मीटर वरून जायला हवी. शिवाय मैला आपोआप वाहावा म्हणून पाइपाला उतार लागतो. २०० मीटरला १ मीटर उतार धरला, तर ६०० मीटरवर पाइप आणखी ३ मीटर खाली जातो. आमचं पनवेल खाडीकाठचं. जुन्या गावात जमीन सपाट, त्यामुळे पाइप उतरत जातो, जमीन उतरत नाही.

खोदकामाचा खर्च खोलीबरोबर वाढतो. म्हणून कसर करण्याचा मोह इथेच होतो. उतार कमी ठेवला की मैला साचतो, तुंबतो आणि तळमजल्याच्या मोरीतून वर येतो. तो उपसतं कोण? फुटक्या पाइपातलं पाणी नळात शिरलं, तर जुलाब लागलेल्या मुलाजवळ रात्रभर बसतं कोण? दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते कोणाची? वाचवलेला पैसा कंत्राटदाराच्या हिशेबात दिसतो. बाईचे कष्ट कुठल्याच हिशेबात दिसत नाहीत.

मग सगळीकडे खोलच टाकावं का? त्याचीही किंमत आहे. दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार द्यायला हवा. तो नसेल तर माती कोसळते, आणि चरावर घमेली उचलणाऱ्यांत बायका असतातच. पुढे खोल मॅनहोलमध्ये विषारी वायू साचतो आणि तुंबलं की त्यात माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाशिवाय असं उतरवायला बंदी आहे. तरीही डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला मैल्याची टाकी साफ करताना तीन कामगार मेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती. पण ती मिळवायला त्या तिघांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावं लागलं आणि आदेश मिळाला तो सप्टेंबर २०२१ मध्ये. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली हे चांगलं, पण नवरा गेल्यावर मिळणाऱ्या पैशाला मी न्याय म्हणणार नाही.

उपाय आहेत. पाइप फार खोल जाण्याआधी मध्ये पंपिंग स्टेशन बांधायचं, आणि सफाई यंत्राने करायची. त्याला पैसा लागतो. पण तो वाचवला की उरलेलं बिल मोरी उपसणारी बाई आणि मॅनहोलमध्ये उतरणारा कामगार भरतात. कोणाच्या अंगावर काय टाकायचं, हे ठरवणं म्हणजे राजकारण आहे.

म्हणून मैत्रिणींनो, वस्तीत मलवाहिनीचं काम निघालं की आराखडा मागा. त्यात प्रत्येक मॅनहोलची खोली लिहिलेली असते. दिला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. २००५ पासून तो हक्क आपल्याला आहे. महाराष्ट्रात २०११ पासून नगरपालिका-महापालिकांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा आपल्या नगरसेविकेला चरापाशी बोलवा, काठावर उभं राहून इंजिनियरकडून टेप लावून घ्या आणि आकडे वहीत लिहा. मात्र हे चर उघडा असतानाच करा. वर डांबर पडल्यावर खोली फक्त कागदावर उरते.