न दिसणारा सांधा

दुकानात सायकल घेण्यास आलेले गिऱ्हाईक रंग पाहते, घंटी वाजवते, मग किंमत विचारते. नळीला नळी जिथे जोडली आहे ती जागा सहसा कोणी निरखत नाही. वास्तविक स्वाराचा सारा भरवसा त्याच जागेवर असतो.

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील फ्रूम या गावी ‘द बायसिकल अकॅडमी’ नावाची कार्यशाळा उभी राहिली, तीही अनेकांनी थोडे थोडे पैसे घालून जमविलेल्या भांडवलावर. धातुकामाचा गंध नसलेला मनुष्यही तेथे काही दिवस शिकून स्वतःच्या हाताने पोलादी फ्रेम घडवू शके.

काम वाटते तितके सोपे नसते. सायकलची नळी आतून सर्वत्र सारखी जाड नसते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी 1897 मध्ये अशा नळीचे पेटंट घेतले, जिची टोके जाड आणि मधला भाग पातळ. जोर सांध्यापाशी येतो, म्हणून धातू तेथे राखायचा आणि अन्यत्र वजन वाचवायचे, हा त्यामागील हिशेब. चांगल्या नळीचा मधला भाग अवघा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो.

शिकणारा प्रथम कानस हाती घेतो. एका नळीचे टोक दुसरीच्या गोलाईवर नेमके बसेल असे घासायचे, मग दोन्ही जुळवून उजेडासमोर धरायच्या. फटीतून किरण दिसला की पुन्हा कानस. त्यानंतर ब्रेझिंग, म्हणजे पितळी झाळकाम. पितळी सळई सुमारे 900 अंशांवर वितळते. पोलादाला वितळण्यास 1500 अंशांच्या जवळ जावे लागते. या अंतरातच सारी कला आहे. ताप कमी पडला तर पितळ वरच्या वर थेंबासारखे बसते, पोलादाला धरत नाही. ताप अधिक झाला तर नळीचा कस जातो. मात्र दोन्ही चुका वरून घासून रंग दिला की झाकता येतात.

म्हणूनच या विद्येत सरावाचा सांधा करवतीने उभा कापून पाहण्याची रीत आहे. बाहेरून सुबक दिसणारा सांधा आत कोरडा निघाला की शिकणाऱ्याची मान खाली जाते. पितळ आतपर्यंत झिरपलेले दिसले, तर गुरूला वेगळी शाबासकी द्यावी लागत नाही. खऱ्या फ्रेमचा सांधा मात्र कापून पाहता येत नाही. तेथे साक्षीला केवळ स्वतःचा हात आणि स्वतःचे मन.

फ्रूमच्या त्या कार्यशाळेने आरंभीच्या काळात आणखी एक गोष्ट केली. विद्यार्थ्याने घडविलेली पहिली फ्रेम त्याची नसे. ती आफ्रिकेतील गरजू माणसाच्या सायकलीसाठी दिली जाई. विद्यार्थ्याकडे विद्या उरे, आणि पुढे तो स्वतःसाठी फ्रेम घडवू शके. आपल्याच फ्रेमचा सांधा कच्चा राहिला तर पडणारा आपण असतो. परंतु ज्याचे मुख कधी पाहायचे नाही, जो तक्रार घेऊन दारी येऊ शकत नाही, त्याच्यासाठी झाळ देताना हात आळसावला तर त्याचे मोल तो अनोळखी मनुष्य एखाद्या उतारावर चुकवतो.

पेढीवर बसणाऱ्याला ही गोष्ट परकी नाही. गोणीच्या तळाचा माल, डब्याच्या आतील वजन, वहीतील बाकी, हे सारे गिऱ्हाईक उघडून पाहत नाही, विश्वासाने घेते. घरातील मुलाने सुटीत एखादी वस्तू आरंभापासून अखेरपर्यंत स्वतः घडविली, मग ती सायकल असो वा साधा पाट, तर मालाची किंमत सांगण्यापूर्वी त्याला मालाचा सांधा पाहण्याची सवय जडेल. पुढे गादीवर बसताना ती सवय त्याच्यासोबत येईल.