स्लिंग शस्त्रक्रिया : सतरा वर्षांनंतरचा हिशेब

चातुर्मासात जालना, अंबड किंवा परतूरच्या स्थानकात प्रवचनाला आलेल्या भगिनींपैकी एखादी नेहमी दाराजवळची जागा धरते. खोकल्याची उबळ आली की ती अंग आवळून घेते. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे तिला सरता सरत नाहीत. घरी ती गुडघेदुखीचे कारण सांगते आणि हळूहळू येणेच थांबवते. खरे कारण वेगळे असते : खोकताना, शिंकताना, वजन उचलताना लघवी निसटते.

बाळंतपणे, वाढते वय व स्थूलता यांमुळे मूत्रमार्गाचा आधार सैल पडला की ही ताणजन्य मूत्रगळती सुरू होते. पुष्कळ स्त्रिया त्यावर पाणी कमी पितात. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाचा दाह वाढतो, जंतुसंसर्गालाही वाव मिळतो.

पहिला उपाय ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हाच आहे. जाणकाराच्या देखरेखीखाली किमान तीन महिने तो नेमाने करावा. वजन, जुना खोकला व बद्धकोष्ठ यांकडेही लक्ष द्यावे. एवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रियेचा विचार येतो.

१९९०च्या दशकात स्वीडनचे डॉ. उल्फ उल्मस्टेन यांनी मूत्रमार्गाच्या मध्याखाली जाळीदार कृत्रिम धाग्याची, सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी ताण न देता ठेवण्याची पद्धत रूढ केली. मुंबईच्या शिरोडकर व पुरंदरे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्लिंग शस्त्रक्रिया याहून निराळ्या. त्या अंग बाहेर येण्यावरच्या आहेत.

व्यापारी घरात यंत्र घेताना ते दहा वर्षांनी कसे चालेल, हे आधी विचारले जाते. शरीरात कायम राहणाऱ्या वस्तूबाबत मात्र पहिल्या महिन्याच्या आरामावरच समाधान मानले जाते. या पट्टीचा लांबचा हिशेब उपलब्ध आहे. उत्तर युरोपातील तीन केंद्रांत १९९५-९६मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ९० स्त्रियांचा सतरा वर्षांनी शोध घेण्यात आला. ५८ जणींची माहिती मिळाली. त्यांतील सुमारे ८७ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झालो किंवा पुष्कळ सुधारलो असे सांगितले. ज्यांची प्रत्यक्ष तपासणी झाली, त्यांत ९० टक्क्यांहून अधिक जणींना गळती आढळली नाही. उरलेल्या स्त्रियांचे काय झाले, हे या आकड्यांत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत स्वतःच्याच शरीरातील पडद्याची पट्टी वापरलेल्या स्त्रियांची पाच वर्षांनी पाहणी झाली. कोणत्याही प्रकारची गळती नसणे, या कठोर कसोटीवर केवळ ३१ टक्के उतरल्या. समाधानी मात्र ८३ टक्के होत्या. पूर्ण कोरडे राहणे आणि मोकळेपणाने चारचौघांत बसता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लघवीची एकाएकी घाई होऊन गळणे, हा दोष पट्टीने जातोच असे नाही. काहींना तो नव्याने जडतो.

खर्चाची बाजूही पाहावी. काहींची लघवी अडते, काहींची पट्टी योनिमार्गात उघडी पडते, काहींच्या जांघेत दुखणे राहते. असे प्रमाण थोडे असले तरी पट्टी पूर्णपणे काढणे सोपे नसते. अशा तक्रारींमुळेच ब्रिटनने जुलै २०१८मध्ये या पट्टीचा सर्रास वापर थांबवला. अमेरिकेने २०१९मध्ये योनिमार्गे अंग बसवण्यासाठीच्या जाळीची विक्री बंद केली. मूत्रगळतीच्या पट्टीला तो आदेश लागू नव्हता.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी चार प्रश्न विचारावेत : गळती नेमकी कोणत्या प्रकारची? पट्टी कृत्रिम की स्वतःच्या ऊतीची? डॉक्टरांनी अशा किती केल्या, आणि त्या स्त्रिया पाच-दहा वर्षांनी कशा आहेत? त्रास झाल्यास पट्टी कोण काढील? पट्टीचे नाव व तारीख असलेला कागद दुकानाच्या दस्तऐवजांइतकाच जपावा. वीस वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला तोच उपयोगी पडेल.

आणि या सर्वांआधी, दाराजवळ बसणाऱ्या सासूबाईंना सुनेने एकदा हळूच विचारावे. सतरा वर्षांचा हिशेब त्या एका प्रश्नानंतरच कामी येतो.