हँड म्हणजे नुसता हात नव्हे

आम्ही सहावीत असतानाची गोष्ट. गिरणीच्या फाटकावरची पाटी वडिलांनी आम्हांला वाचायला लावली. पाटीवर होते, ‘हँड्स वाँटेड’. आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, ‘हात पाहिजेत.’ वडील म्हणाले, ‘हाताबरोबर पोटही येते म्हणावे, ते लिहिले आहे का बघ!’

इंग्रजीत ‘हँड’ म्हणजे कामगारही, हे पुष्कळ पुढे कळले. जहाजावरच्या खलाशांनाही हँड्स म्हणतात. चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकाच्या 1854 सालच्या ‘हार्ड टाइम्स’ कादंबरीत गिरणी-मजुरांना सरसकट ‘हँड्स’ म्हटले आहे. या माणसांना नुसते हातच असते तर काहींना बरे वाटले असते, असा टोमणाही लेखकाने मारला आहे. तो वाचताना आम्हांला वडील आठवले.

तर मुलामुलींनो, आज हाताचे शब्दप्रयोग. ‘गिव्ह मी अ हँड’ म्हणजे जरा हातभार लाव. ‘फ्रॉम हँड टु माउथ’ म्हणजे हातावर पोट. हा काही आपल्याला पाठ करावा लागणार नाही! फसवा आहे तो ‘वॉश युअर हँड्स ऑफ’. आपल्याकडे हात धुऊन मागे लागतात. इंग्रजीत हात धुतले की अंग काढून घेतले. बायबलमध्ये पिलात नावाच्या सुभेदाराने येशूच्या मरणाची जबाबदारी झटकताना लोकांसमोर हात धुतले, त्यावरून हा प्रयोग आला.

आता कामावरचे शब्द. इथे मोठ्यांनीही कान द्यावेत. ‘हँड ओव्हर’ म्हणजे ताबा देणे आणि ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताबा घेणे. आमच्या चाळीतले एक काका एका कारखान्यात रात्रपाळीला होते. पाळी बदलताना वहीत ‘टेकन ओव्हर’ या रकान्यात सही करायची. काकांना वाटे, ही हजेरीची सही. एके सकाळी चार पाने कमी भरले. हत्यारे मोजून ताब्यात घेतली, असे काकांच्याच सहीने लिहिलेले! पैसे पगारातून कापले गेले. काकू महिनाभर वाण्याकडे उधारीवर होत्या. काका चोर नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण वही इंग्रजीत होती. पुढे काका आधी हत्यारे मोजत, कमी असले तर तिथेच लिहायला लावत, मग सही करत.

‘हँड इन’ म्हणजे सादर करणे. परीक्षेत पेपर ‘हँड इन’ करतात. पण ‘हँड इन युअर रेझिग्नेशन’ असे कोणी म्हणाले तर तो राजीनामा मागतो आहे. घाईने मान डोलावू नका, घरी विचारून येतो म्हणा.

नोकरीला लागणाऱ्या मुलींनी ‘इन हँड किती?’ हे जरूर विचारावे. कागदावरचा आकडा वेगळा आणि हातात पडणारा वेगळा. भविष्य निर्वाह निधीलाच सर्वसाधारणपणे मूळ पगार व महागाई भत्त्याचे 12 टक्के जातात. ते पैसे आपलेच, पण महिन्याच्या किराण्याला उपयोगी नाहीत.

पाकिटावर ‘बाय हँड’ लिहिले की ते टपालाने न पाठवता स्वतः नेऊन द्यायचे. तसा अर्ज दिलात तर आपल्या प्रतीवर पोच, शिक्का आणि तारीख घ्या.

पुढच्या वेळी ‘हेड’ घेऊ. त्यातही हेडमास्तर, हेडक्लार्क आणि डोकेदुखी एकाच घरात राहतात.