कपाटातला जी-९

दिवाळीत नात पुण्याहून जळोचीला आली आणि फराळाचं ताट तसंच ठेवून म्हणाली, "आजोबा, तुमचा तो जुना डिजिटल कॅमेरा अजून आहे का हो?" मला वाटलं थट्टा करतेय. पण तिच्या कॉलेजात म्हणे सध्या अशाच कॅमेऱ्यांची चलती आहे. आपण माळ्यावर टाकलेल्या वस्तू पोरं पैसे मोजून घेतायत!

कॅमेरा होता. कॅनन पॉवरशॉट जी-९. २००७ साली बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी भाच्याने अमेरिकेहून येताना माझ्यासाठी आणला. हातात घेतला की वजन जाणवतं. वर आयएसओची वेगळी चकती, डोळा लावून बघायला छोटी खिडकी. १२ मेगापिक्सेल. पुढच्या जी-१० मध्ये कंपनीने ते पावणेपंधरापर्यंत नेले आणि २००९ च्या जी-११ मध्ये चक्क १० वर आणले. आकड्यांच्या शर्यतीतून कोणी आपणहून मागे फिरलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

नात म्हणते, यात सीसीडी सेन्सर आहे, त्याचे रंगच वेगळे. मला हे पटत नाही. रंग ठरतात ते मुख्यतः सेन्सरवरच्या रंगीत गाळणीने आणि कॅमेऱ्याच्या आत होणाऱ्या प्रक्रियेने. उगाच सीसीडीच्या आरत्या कशाला? आजच्या महागड्या फोनांत याहून मोठे सेन्सर असतात, आणि संध्याकाळी घरात फोटो काढायचा तर फोनच सरस. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला गेलो होतो, तेव्हा याच्या सहापट झूममधून मला नुसते गुलाबी ठिपके मिळाले!

मग ओढ कसली? तर सांगतो.

नातीने बॅटरी चार्जिंगला लावली, कॅमेरा सुरू झाला आणि आत माझं २ जीबीचं कार्ड निघालं. त्यात २००९ ची पालखी होती. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते बघायला आम्ही दोघं गेलो होतो. त्या दिवशीचे एकूण एकवीस फोटो. कार्डात जेमतेम चारशे मावायचे, त्यामुळे हात राखूनच बटण दाबायचो. सतराव्या फोटोत ही उभी आहे, पदर डोक्यावरून पुढे ओढून, उन्हाने डोळे बारीक केलेले. माझ्याकडे बघतच नाहीये, मेंढ्यांकडे बघतेय.

हिला जाऊन आता पाच वर्षं झाली. शेवटच्या वर्षातले हिचे शेकडो फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. पण ते सुप्रभातच्या फुलांत, गॅसच्या पावत्यांत, कोणाकोणाच्या लग्नपत्रिकांत असे मिसळलेत की एक शोधायला बसलो तर चष्मा पुसण्यातच दुपार जाते. कॅमेऱ्यात मात्र फोटोशिवाय दुसरं काही येतच नाही. त्यावर फोन वाजत नाही, बातमी येत नाही. पोरांना तेच हवं असणार, रंगाचं फक्त निमित्त. (नात हे वाचून चिडेल. चिडू दे.)

एक मात्र सांगून ठेवतो. जुना आहे म्हणून वाटेल ती किंमत देऊ नका. आधी बॅटरी फुगलीय का बघा, लेन्स आतबाहेर सरकताना अडकते का बघा. ती अडकली तर दुरुस्त करणारा शोधता शोधता नाकीनऊ येतील. ऑलिंपस आणि फुजीच्या काही कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागतं, ते आता बनतच नाही.

निघताना नातीने कॅमेरा मागितला. दिला. कार्ड काढून घेतलं. "अहो आजोबा, मी कॉपी करून देते की," म्हणाली. मी म्हटलं, कॉपी तू घेऊन जा.

कॅमेऱ्याची बॅटरी आता वीस-पंचवीस फोटोंतच मान टाकते. भावकीत कोणाच्या कपाटात एनबी-२एलएच बॅटरी पडून असेल तर कळवा, नात पुण्यात येऊन घेऊन जाईल.