हिशेब तपासले, न्हाणीघर कोण तपासणार?

दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातील एका वृद्ध-सेवाकेंद्राला १ जानेवारी २०२३ च्या पहाटे आग लागली आणि दोन वृद्ध महिलांचा बळी गेला. त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातील खडवलीच्या वृद्धाश्रमात साठहून अधिक जणांना करोनाची लागण झाली होती. दोन्ही वेळा चार दिवस हळहळ झाली. आपल्या गल्लीतल्या वृद्धाश्रमात रात्री किती माणसे कामावर असतात, हे मात्र कुणी विचारले नाही.

विचारायचे तरी कुणी? आपल्याकडचे अनेक वृद्धाश्रम विश्वस्त संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. ते कार्यालय हिशेब पाहते. न्हाणीघराची फरशी निसरडी आहे का, हे पाहणे त्याचे काम नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम १९ चा रोख आहे तो सरकारने निराधारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत उभारायच्या आश्रमांवर. खासगी केंद्रांनाही सक्तीची नोंदणी आणि किमान मानके लावणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले, स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला. पण ती लोकसभा विसर्जित झाली तरी विधेयक काही मंजूर झाले नाही.

गंमत अशी, की ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना महारेराने २०२४ मध्ये बारीकसारीक नियम घालून दिले. दार किमान ९०० मिलिमीटर रुंद हवे, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या हव्यात, लिफ्टमध्ये व्हीलचेअर गेली पाहिजे. ज्याला फ्लॅट घेणे परवडते, त्याच्या दाराची रुंदी सरकारने मोजून दिली. महिन्याच्या पैशांवर एक खाट मिळवणाऱ्या आजींच्या वाट्याला ती काळजी का येऊ नये?

मानके म्हणजे आवारातली बाग आणि देवघर नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. नाही वळवले तर पाठीला जखमा होतात आणि त्या हाडापर्यंत जातात. पंचवीस खाटा आणि रात्रपाळीला एकच मावशी, असे असेल तर हे होणार कसे? रात्री बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप असते. आग लागली तर त्याची किल्ली कुणाकडे? राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. भाड्याच्या बंगल्यात थाटलेल्या किती आश्रमांकडून ते मागितले जाते?

इथली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे राहणारा तक्रार करत नाही. रविवारी परदेशातून व्हिडिओ कॉल येतो, मुलगा विचारतो, ‘‘आई, कशी आहेस?’’ ‘‘बरं चाललंय’’ असेच उत्तर मिळते, कारण फोन धरून मावशी शेजारीच उभी असते. त्यातून डिपॉझिट अडकलेले आणि दुसरीकडे जागा नाही. म्हणूनच बाहेरच्या डोळ्यांची गरज आहे. इंग्लंडमध्ये सरकारी तपासणीत मिळालेली श्रेणी वृद्ध-सेवागृहांना दर्शनी भागात लावावीच लागते. इथेही ते करता येईल.

नियम आले की छोट्या, सेवाभावी संस्था बंद पडतील, ही भीती खोटी नाही. निरीक्षकांचे हात ओले करण्याचा नवा रस्ता उघडेल, हीही नाही. त्यावर उपाय म्हणजे लहान संस्थांना मुदत आणि अनुदान द्यावे, आणि तपासणीचे अहवाल सर्वांना वाचायला खुले ठेवावेत. नियमच नकोत, हा उपाय नव्हे.

राज्य सरकारने केंद्राची वाट न पाहता स्वतःचा कायदा करावा. नोंदणी, रात्रपाळीतील किमान कर्मचारी आणि न कळवता तपासणी या तीन गोष्टी त्यात आधी याव्यात. तोवर ज्यांचे आईवडील अशा ठिकाणी आहेत त्यांनी आश्रमाने दिलेल्या वेळेखेरीज एकदा रात्री नऊनंतर, न सांगता, तिथे जाऊन यावे. आत सोडले नाही, तर ती जागा त्यांनी बदलावी.