पुसलेली मैफल

आमच्या फुलसावंगीत कुणाच्याही माळ्यावर चढा, 1972 सालच्या लग्नातली आहेराची वही सापडेल. मामांनी दोनच रुपये टेकवले, हे नातवालासुद्धा पाठ! आणि त्याच साली, 2 ऑक्टोबरला, सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनच्या गाण्याबजावण्याच्या कित्येक टेपा? पुसल्या. पाटीसारख्या! टेप महाग, म्हणे. एका मैफलीवर दुसरी चढवा. बीबीसीनेही तेच केले म्हणतात. अहो, शेजाऱ्याची भिंत पडली म्हणून आपली पाडायची का? मुंबईकरांनी त्या मैफली निदान एकदा पाहिल्या. आमच्या गावापर्यंत तेव्हा मुंबईचे चित्र पोचतच नव्हते. आम्हांला टेप हीच पहिली पंगत होती. तीच उष्टी समजून धुऊन टाकली. वाचलेल्या टेपा ठेवायला जागा नसेल तर आमचा माळा घ्या. उंदीर आहेत, पण ते कुरतडतात, पुसत नाहीत.